मोडण्यापूर्वी यंत्र बोलते

साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात होता. जानेवारीतली थंडी, रात्रीचे दोन वाजलेले. गाडीतळावर उसाने भरलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागली होती. गाड्यांखाली घोंगडी पांघरून माणसे झोपली होती. मी तेव्हा नुकताच पदविका घेऊन देखभाल विभागात लागलेला कनिष्ठ इंजिनिअर होतो. पाळीवर फिरता फिरता थंड पाणी पुरविणाऱ्या एका मोठ्या पंपापाशी आलो, तर मोटारीकडच्या बेअरिंगमधून बारीकशी खरखर ऐकू आली. ग्रीसगन मागवली, चार दाब मारले. खरखर थांबली. मी मोठ्या समाधानाने नोंदवहीत लिहिले, 'बेअरिंगला ग्रीस दिले. आवाज बंद.'

पाळीवर एक जुने फिटर होते. त्यांनी काही न बोलता लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवले, मूठ कानाजवळच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मिनिटभराने म्हणाले, ''साहेब, तुम्ही त्याला गप केलंय. बरं न्हाई केलं. पंप थांबवून खोला.''

मी बेअरिंगवर हात ठेवून पाहिला. नेहमीइतकेच कोमट होते. जोडीचा पंप आधीच दुरुस्तीसाठी खोललेला. हाही थांबवायचा म्हणजे कारखाना बंद ठेवायचा. तेही एका स्क्रू-ड्रायव्हरच्या सांगण्यावरून! मी हसून विषय टाळला.

तिसऱ्या रात्री ते बेअरिंग जाम झाले. शाफ्ट खरवडला गेला, पंप बंद पडला, पाण्यावाचून रस आटवणे थांबले आणि पाठोपाठ सगळा कारखाना थांबला. नऊ तास. तोडलेला ऊस तासागणिक सुकतो. त्याचे वजन उतरते, गोडीही उतरते. शेतकऱ्याचे पैसे तर वजनकाट्यावर ठरतात. पहाटे गाडीतळावरून जाताना एका म्हाताऱ्या गाडीवानाने विचारले, ''काय झालं, सायेब?'' मी म्हणालो, ''अचानक बेअरिंग गेलं, बाबा.'' शेजारून चाललेले फिटरकाका हळूच म्हणाले, ''अचानक कायबी जात न्हाई, साहेब.''

त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली. आज तोच वाचकांना सांगायचा आहे.

तेलाच्या पडद्यावर चालणारे जग

बेअरिंग म्हणजे काय, हे सायकलचे चाक कधी खोलून पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. फिरणाऱ्या दांड्याला आधार द्यायचा, पण त्याची वाट अडवायची नाही, एवढेच त्याचे काम. सायकलच्या चाकात ते काम ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे करतात. छताचा पंखा, कपडे धुण्याचे यंत्र, पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, आगगाडीचा डबा. जिथे जिथे काही फिरते तिथे तिथे बेअरिंग असते. काही ठिकाणी छर्रे किंवा रोलर असतात, तर काही ठिकाणी नुसती मऊ धातूची नळी, म्हणजे बूश.

हाताला आरशासारखा गुळगुळीत लागणारा पोलादी पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांनी भरलेला दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकले की प्रत्यक्षात फक्त शिखरे शिखरांना भिडतात. त्या चिमुकल्या जागांवर सगळा भार येतो. तिथे धातू धातूला चिकटतो आणि हालचाल झाली की तुटतो. हे चिकटणे-तुटणे म्हणजे घर्षण. तुटताना जो कण निघतो ती झीज. एकाच घरात राहणाऱ्या या दोन बहिणी. म्हणून एकीच्या वागण्यावरून दुसरीचा सुगावा लागतो.

मग यंत्रे वर्षानुवर्षे चालतात कशी? याचे उत्तर सापडले ते एका गमतीदार अपघाताने. इंग्लंडमधले बोशँप टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. त्यांचा अहवाल १८८३ साली तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आला. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आस फिरू लागला तसे तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले! टॉवर यांनी भोकात बूच मारले. ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर आली. शेवटी दाबमापक लावला, तर त्याचा काटा मोजपट्टीच्या पलीकडे गेला. म्हणजे बेअरिंगमध्ये तेल नुसते पसरलेले नव्हते. ते अंगावरचा सगळा भार उचलून धरीत होते.

१८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल ओढत नेतो आणि ते निमुळत्या फटीत पाचरीसारखे घुसते. त्या पाचरीच्या दाबावर दांडा चक्क तरंगतो. मुसळधार पावसात भरधाव मोटारीचा टायर रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगतो आणि गाडी घसरते, ती याच कारणाने. रस्त्यावर जे संकट, तेच बेअरिंगमध्ये वरदान! हा तेलाचा पडदा छर्र्यांच्या बेअरिंगमध्ये साधारणपणे एका मायक्रॉनच्या आतबाहेर असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा जेमतेम शंभरावा भाग, आणि बऱ्याचदा त्याहूनही पातळ.

पुढे १९०२ साली जर्मनीतल्या रिखार्ड श्ट्रिबेक यांनी वेगाबरोबर घर्षण कसे बदलते त्याचे आलेख प्रसिद्ध केले. आजही बेअरिंगच्या अभ्यासाची सुरुवात त्या आलेखापासून होते. यंत्र सुरू होताना पडदा तयार झालेला नसतो; शिखरे शिखरांवर घासतात आणि घर्षण खूप असते. वेग वाढतो तसा पडदा धरू लागतो आणि घर्षण झपाट्याने उतरते. पडदा पुरा जमला की ते तळ गाठते. त्यापुढे वेग वाढवला तर तेलाच्याच चिकटपणामुळे ते पुन्हा हळूहळू चढते. मोठ्या यंत्रांवरचे जाणते लोक उगाच बंद-चालू करू देत नाहीत, त्याचे कारण हेच. ज्या थोड्या क्षणांत पडदा नसतो, त्याच क्षणांत पुष्कळशी झीज होते.

बालपण, संसार आणि म्हातारपण

ज्यांच्या घरी जाते होते त्यांना आठवत असेल. पाथरवटाकडून जाते टाकवून घेतले की पहिले दळण खायला घेत नसत, कारण त्यात दगडाची कच यायची. दोन-तीन दळणे झाली की जाते 'बसायचे'. मग महिनोन् महिने तक्रार नाही. पुढे टाके बुजले की दळण जड जायचे, पीठ भरड यायचे, ओढणाऱ्या बाईच्या खांद्याला ते आधी कळायचे. घासणाऱ्या वस्तूच्या आयुष्याचे तीन अंक त्या माउलीला पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

बेअरिंगचेही तसेच आहे. पहिला अंक अंगवळणी पडण्याचा. नव्या पृष्ठभागावरची टोकदार शिखरे मोडतात, दबतात, घर्षण सुरुवातीला जास्त असते आणि तासागणिक उतरत जाते. एके काळी नवी स्कूटर घेतली की पहिले हजारभर किलोमीटर ती जपून चालवायची आणि मग ऑइल बदलायचे, असा दंडक होता. त्या पहिल्या ऑइलमध्ये ही मोडलेली शिखरे चमचमताना दिसत. या काळातली झीज वाईट नव्हे. नवी कोल्हापुरी चप्पल चावते म्हणून कुणी ती टाकून देत नाही.

दुसरा अंक संसाराचा, सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणा. घर्षण कमी असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते स्थिर असते. प्रयोगशाळेत घर्षणाचा आलेख काढला तर या काळात जवळजवळ सरळ रेघ मिळते. झीज होते, पण अगदी संथ. देखभालीची सगळी धडपड हा अंक लांबवण्यासाठी असते.

तिसऱ्या अंकाचा आरंभ फार चोरपावलांनी होतो. बूशमध्ये तेल कमी पडते, मळते किंवा पातळ होते; पडदा मधूनच फाटतो; क्षणभर धातू धातूला लागतो आणि पुन्हा पडदा जमतो. आलेखावरची सरासरी फारशी हलत नाही, पण रेघ थरथरू लागते, मधूनच सुळके उठतात. अनुभवी माणूस त्या थरथरीकडे पाहतो. पुढे सरासरीच चढू लागते. घर्षण वाढले की उष्णता वाढते, उष्णतेने तेल आणखी पातळ होते, पातळ तेलाने पडदा आणखी फाटतो, म्हणजे पुन्हा घर्षण. एकदा हे दुष्टचक्र फिरू लागले की शेवट दिवसांत नव्हे, तासांत किंवा मिनिटांतही होऊ शकतो.

छर्र्यांच्या बेअरिंगमध्ये तर नाटक पृष्ठभागाच्या खाली सुरू होते. प्रत्येक छर्रा जाताना कडीच्या धातूला दाबतो आणि सोडतो. असे कोट्यवधी वेळा झाले की पृष्ठभागाच्या किंचित खाली धातू थकतो आणि केसासारखी चीर पडते. ती वर येते तेव्हा धातूचा एक टवका उडतो. मग प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यातून जाताना ठेच खातो.

हे नेमके केव्हा घडेल? बेअरिंग बनवणारे जे आयुष्य छापतात, त्याचा अर्थ शंभरातली नव्वद बेअरिंगे तेवढी टिकतील, इतकाच असतो. ते विमा कंपनीच्या आयुर्मानाच्या तक्त्यासारखे आहे. समूहाबद्दल खरे, तुमच्या-आमच्याबद्दल मुके. म्हणून तारीख पाहून बेअरिंग बदलण्यापेक्षा त्याची नाडी पाहणे शहाणपणाचे ठरते.

नाडीपरीक्षा

बिघडत चाललेले बेअरिंग एकदम ओरडत नाही. आधी ते आपल्या कानांना ऐकूच न येणाऱ्या आवाजात बोलते. माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. सुरुवातीच्या चिरा त्याच्या वरच्या पट्टीत किणकिणतात. तो आवाज पकडणारी उपकरणे आज हातात धरून फिरता येते.

त्यानंतर कंपनांची पाळी. इथले गणित मोठे सुरेख आहे. समजा, मोटार मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५, आणि बेअरिंगमध्ये ८ छर्रे आहेत. बाहेरच्या कडीवर खड्डा पडला असेल तर सेकंदाला सुमारे ८० ठेचा लागतात. खड्डा आतल्या, फिरणाऱ्या कडीवर असेल तर सुमारे १२०. म्हणजे ठेचा मोजल्या की यंत्र न खोलताच, दुखणे कुठे आहे ते सांगता येते!

तिसरी परीक्षा तेलाची. डॉक्टर रक्त तपासायला पाठवतो तसे इंजिनातले चमचाभर तेल प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यात लोखंड वाढले तर एक अर्थ, तांबे-कथिल-शिसे वाढले तर दुसरा. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी ही पद्धत सुरू केली. कणांचा आकारही बोलतो. संसारी झिजेचे कण बारीक, पापुद्र्यासारखे असतात; मोठे, ओरखडे पडलेले तुकडे दिसू लागले की तिसरा अंक सुरू झाला म्हणून समजावे.

त्यानंतर कुठे आपल्याला ऐकू येणारी खरखर येते. आणि सर्वांत शेवटी येते उष्णता. मी त्या रात्री हात ठेवून पाहिला तो या शेवटच्या साक्षीदाराला विचारण्यासाठी! तो अजून कोर्टात आलाच नव्हता.

आणखी एक फसवणूक सांगितली पाहिजे. खड्ड्याच्या कडा सुरुवातीला धारदार असतात. छर्रे त्यावरून जाऊन जाऊन त्या घासतात, बोथट होतात, आणि कंपने काही काळ चक्क कमी होतात. ताजे ग्रीस घातले तरी तसेच होते. खड्डा तिथेच असतो, वर फक्त गादी घातली जाते. दुखणे बळावत असताना रोगी 'बरे वाटते' म्हणतो. काकांनी 'गप केलंय' म्हटले ते शब्दशः खरे होते.

तीन आकडे

हे सारे कारखान्याच्या भिंतींआडचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कुणाला वाटेल. त्यासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली ३ फेब्रुवारी २०२३ ची रात्र पाहू.

एक लांबलचक मालगाडी पूर्वेकडे निघाली होती. तिच्या तेविसाव्या डब्याचे एक बेअरिंग तापत होते. रुळांच्या कडेला ठरावीक अंतरावर बसवलेली यंत्रे जाणाऱ्या प्रत्येक बेअरिंगचे तापमान टिपत होती. पहिल्या ठिकाणी ते भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सिअसने जास्त भरले. पुढे सुमारे १८ किलोमीटरवर, सेलम गावाजवळ, तो फरक ५७ अंश झाला. तिथल्या एका कॅमेऱ्यात तर गाडीखाली ज्वाळा दिसत होत्या. पण गाडी थांबवून तपासायची ती फरक सुमारे ९४ अंशांवर गेला तर, असा त्या कंपनीचा नियम होता. ५७ हा आकडा त्यात बसत होता. गाडी पुढे गेली. तिसरे यंत्र आणखी सुमारे ३१ किलोमीटरवर होते. तिथे फरक निघाला १४० अंश! चालकांना धोक्याचा इशारा मिळाला, त्यांनी गाडी थांबवायला घेतली; पण तोपर्यंत वेळ टळली होती. ईस्ट पॅलेस्टाइन या साडेचार-पाच हजार वस्तीच्या गावाशी ३८ डबे रुळांवरून घसरले. त्यांपैकी ११ टाक्यांत घातक रसायने होती. सुमारे दोन हजार लोकांना भर थंडीत घरे सोडावी लागली. तीन दिवसांनी पाच टाक्यांतले व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम सोडून जाळण्यात आले आणि गावावर काळ्या धुराचा डोंगर उभा राहिला. ते जाळण्याची गरज नव्हती, असा निष्कर्ष पुढे तिथल्या तपास मंडळाने काढला.

यंत्रे बसवलेली होती, आकडे मिळत होते. मग चुकले काय? एक तर, साक्षीदार निवडला तो उष्णता, जो सर्वांत शेवटी येतो. दुसरे, प्रत्येक आकडा एकटा पाहिला गेला. '५७ मर्यादेत आहे' हे खरे. पण १८ किलोमीटरांत २१ चे ५७ होणे मर्यादेत होते काय? मुलाला एक दिवस ताप ९९ असतो आणि दुसऱ्या दिवशी १०१. आई '१०४ झाला की पाहू' म्हणत नाही. तिचे लक्ष तापाच्या आकड्यापेक्षा त्याच्या चढण्याकडे असते.

आपल्याकडेही 'हॉट ॲक्सल' हा शब्द रेल्वेच्या माणसांना नवा नाही. गाडी फलाटाला लागली की तपासनीस आसपेटीला हाताची पाठ लावून ऊब पाहत. न थांबणारी गाडी जाताना स्टेशनातले कर्मचारी दोन्ही बाजूंनी तिच्यावर नजर ठेवतात, ती काही मानवंदना नव्हे. अलीकडच्या वर्षांत भारतीय रेल्वेने काही मार्गांवर रुळांशेजारी ध्वनिग्राहकही बसवले आहेत. ते धावत्या डब्यांच्या बेअरिंगचा आवाज ऐकतात. म्हणजे हातापासून कानाकडे, शेवटच्या साक्षीदाराकडून पहिल्याकडे असा हा प्रवास आहे.

आणि प्रश्न केवळ अपघातांचा नाही. १९६६ साली इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला ५० कोटी पौंडांहून अधिक वाचतील, असा हिशेब मांडला. 'घासणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नावही त्याच अहवालाने दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, जग जेवढी ऊर्जा वापरते तिच्यातली सुमारे पाचवा हिस्सा नुसती घर्षणावर मात करण्यात जाते.

घरातला स्क्रू-ड्रायव्हर

घरी यातले काय करता येईल? एक साधा प्रयोग सांगतो. घड्याळ घेऊन बसा. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा पूर्ण वेगात असताना बटण बंद करा आणि तो थांबायला किती सेकंद लागतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तसेच करा. वेळ तेवढीच भरली तर पंखा अजून संसारात आहे. ती दर खेपेला घटत चालली असेल तर घर्षण वाढते आहे, मग आवाज येवो न येवो. कारखान्यातही हीच परीक्षा घेतात. तुमच्या आकड्याची तुलना शेजाऱ्याच्या पंख्याशी मात्र करू नका. ज्याचा आकडा त्याच्यापुरता.

कपडे धुण्याचे यंत्र पिळताना विमानासारखे घोंघावू लागले, मिक्सर नेहमीपेक्षा जड आवाज करू लागला, तर 'चालतंय तोवर चालू दे' म्हणू नये. आणि आवाज आला की लगेच तेलाची बाटलीही उचलू नये. पुष्कळ बेअरिंगे आता बंदिस्त येतात, त्यांना बाहेरून तेल पोचतच नाही. जिथे ग्रीस द्यायचे असते तिथेही ते जास्त झाले तर घुसळून घुसळून उलट बेअरिंगच तापते. आधी ऐकावे, मग कारण शोधावे, आणि औषध शेवटी द्यावे.

फिटरकाका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो लांब स्क्रू-ड्रायव्हर मला दिला. मूठ तेलाने काळी झालेली, एका बाजूला कानाच्या घासणीने गुळगुळीत झालेली. पुढे माझ्या हाताखाली कंपने मोजणारी महागडी उपकरणे आली. नवी मुले ती सफाईने चालवीत. पडद्यावर रेघा उमटत. एखादा मुलगा म्हणे, ''सर, मर्यादेत आहे.'' मी विचारी, ''गेल्या महिन्यात किती होतं?'' तो नोंदवही उघडी, आणि कधी कधी त्याचा चेहरा बदले.

गाडीतळावरच्या त्या म्हाताऱ्याला मी त्या पहाटे खोटे सांगितले होते. बेअरिंग अचानक गेले नव्हते. त्याने तीन दिवस आधी सांगितले होते, आणि मीच त्याचे तोंड ग्रीसने बंद केले होते.